बाईसाहेब आणि पैलवान

डॉक्टरांनी पीठ सोडायला सांगितलं, तेव्हा पाववाल्यांना वाटलं, ते खाण्याबद्दल बोलताहेत.

"एक वेळचं सोडलं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"खायचं नाही हो, नाकात जायचं," डॉक्टर म्हणाले. "छाती भरलीय तुमची पिठाने. भट्टी सोडा."

उभा जन्म भट्टीपुढे गेलेल्या माणसाला भट्टी सोड म्हणणं म्हणजे माशाला हवापालटाला पाठवण्यासारखं होतं. पण खोकल्याने रात्र रात्र झोप लागेना, तेव्हा त्यांनी भट्टी भाच्याच्या हवाली केली. भाचा म्हणजे अक्काचा मुलगा. अक्का पाववाल्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायला आली होती. पाववाल्यांनी लग्न केलं नव्हतं. पहाटेच्या आधी उठून जाणाऱ्या माणसाशी संसार कोण करणार, असं ते म्हणत. कुणी विचारलंच नाही, असं अक्काचं म्हणणं होतं.

भट्टी सुटली तरी जाग काही सुटली नाही. पाववाले अंधारात उठत, स्वयंपाकघरात दिवा लावत आणि हाताला काम नाही म्हणून डबे इकडचे तिकडे लावत. एके दिवशी साखरेच्या डब्यात मीठ निघालं, तेव्हा अक्काने हात जोडले.

"धाकट्या, बाहेर जा. फिरायला जा, कुणाशी भांड, हरवलास तरी चालेल. पण माझ्या डब्यांना हात लावू नकोस."

तेव्हापासून ते उजाडलं की फिरायला निघू लागले. गाव संपतं तिथे लाकडाची वखार होती, वखारीपुढे एक बंद पडलेली घोडेस्वारीची शाळा. फाटकावरच्या पाटीवरचा घोडा उन्हापावसाने इतका पुसट झाला होता की नुसत्या चार टापा हवेत राहिल्या होत्या. शाळा बंद आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आत अजून कुणी आहे, हे पाववाल्यांना कळलं ते कुंपणाच्या कडेने वळसा घालताना.

चिखलात दोन घोडे उभे होते.

एक घोडी होती, कधीकाळी पांढरी असावी. आता पोटापर्यंत चिखलाची खपली, आयाळीच्या जटा, आणि मागच्या पुठ्ठ्याची हाडं अशी वर आलेली की त्यावर कोट टांगावा. दुसरा उंच, तांबूस घोडा. तो कुंपणाशी पडलेलं गवत चघळत होता, चघळत होता, आणि मग चोथ्याचा गोळा तोंडातून खाली टाकत होता. आजूबाजूला तसल्या गोळ्यांचा सडा पडला होता. पाववाल्यांची नजर त्यांच्या पायांकडे गेली आणि तिथेच अडकली. खूर वाढून वाढून पुढे वळले होते, फाटक्या जोड्यांच्या चोचींसारखे. घोडीने एक पाऊल टाकलं, ते टाचेवर रेलून, जसं काही जमीन तापलेली आहे.

पाववाल्यांनी आयुष्यात कधी घोड्याला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिळ्या पावांची पिशवी भरून नेली. तांबूस घोड्याने पाव घेतला आणि थोड्या वेळाने त्याचाही गोळा करून टाकून दिला. घोडीने मात्र खाल्ला. मग तिने तारेवरून मान काढून आपलं कपाळ पाववाल्यांच्या छातीला टेकवलं आणि तशीच उभी राहिली. पाववाले घाबरून जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने भीती गेली, तरीही हलले नाहीत.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला मालकाचं घर होतं. पडदे ओढलेले. पाववाल्यांनी दार वाजवलं, बऱ्याच वेळाने ते बोटभर उघडलं. आत पांढरी दाढी वाढलेला एक माणूस होता.

"तुमच्या घोड्यांचे पाय..." पाववाल्यांनी सुरुवात केली.

"म्हातारी आहेत," आतून आवाज आला. "म्हातारपणी असंच दिसतं."

दार लागलं. पाववाले स्वभावाने भिडस्त. ताजा पाव शिळा म्हणून कुणी परत आणला तरी त्याचीच माफी मागणारे. ते गुमान घरी आले, पानावर बसले आणि घास फिरवत राहिले.

"काय झालं?" अक्काने विचारलं. त्यांनी सांगितलं. अक्काने अर्धं जेवण तसंच झाकलं आणि चपला घातल्या. "चल, दाखव."

अक्काला जनावरांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मांजर दारात आलं तरी ती आधी दूध झाकायची. पण कुंपणाशी उभं राहिल्यावर ती गप्प झाली, आणि अक्का गप्प झाली की पाववाल्यांना धडकी भरत असे. ती तडक घराकडे गेली आणि दारावर थाप मारली.

दार पुन्हा बोटभर उघडलं.

"मला चक्कर येतेय," अक्का म्हणाली. "पाणी मिळेल का घोटभर?"

अक्काला उभ्या जन्मात कधी चक्कर आली नव्हती. पण दारात आलेल्या बाईला पाणी नाही कसं म्हणणार? दार उघडलं. अक्का आत शिरली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर अशी बसली की जणू तिथेच वाढली होती. मागोमाग पाववालेही आत आले.

ओट्यावर न विसळलेल्या कपांची रांग होती. भिंतीवर खोगीर चढवलेल्या मुलांचे फोटो, काचांवर धूळ. त्या माणसाच्या सदऱ्याचं प्रत्येक बटण एक घर चुकलं होतं. पाण्याचा पेला घेऊन तो खुर्चीपर्यंत आला, तोवर निम्मं पाणी जमिनीवर सांडलं होतं. त्याचे हात थरथरत होते; गारठ्याने थरथरतात तसे नाही, थांबायचं नावच न घेणारे.

अक्काने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "कधीपासून आहे हे हातांचं?"

तो माणूस फडक्याने सांडलेलं पाणी पुसू लागला. अक्काने उठण्याची घाई केली नाही. शेवटी तोच बोलता झाला. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने आणि बायकोने मिळून ही शाळा चालवली होती. बायको गेली, पाठोपाठ हातांनी दगा दिला. हात थरथरू लागले तशी लगामावरची पकड गेली, मुलांचे आईबाप एकेक करून बिचकले. चांगली घोडी चांगल्या घरी गेली. ही दोघं सर्वांत म्हातारी, ती उरली.

"त्यांना नेणारे होते," मास्तर म्हणाले. "पण कशाला नेणार होते, ते मला ठाऊक होतं."

"मग नालबंदाला बोलवायचं होतंत," पाववाले म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरांना."

"आणि काय दाखवू?" मास्तरांनी खिडकीकडे पाठ केली. "आधी वाटलं, पुढच्या आठवड्यात बोलावू. मग इतकं बिघडलं की बोलवायची लाज वाटायला लागली. घेऊन जा त्यांना. मला काही विचारू नका, सांगूही नका. फक्त घेऊन जा."

पण त्यांना पाववाल्यांच्या परसात नेणं तितकं सोपं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. बुटकी, खणखणीत बाई. त्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून दोन्ही घोड्यांच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला.

"दाढांना धार आलीय, गाल सोलून निघालेत. घोड्याच्या तर निम्म्या दाढा गळल्यात. गवत चावताच येत नाही, मग अंगी काय लागणार? या पायांवर गाडीत चढवायचं तर विसराच. खूर हळूहळू, थोडे थोडे उतरवावे लागतील. तोवर ही दोघं इथेच राहणार." मग त्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलला. "हा पाव कुणी दिला?"

"मी," पाववाले म्हणाले.

"पुन्हा द्यायचा नाही. पोटात गोळा होऊन एखादं गेलं असतं. उपाशी जिवाला एकदम भरपेट द्यायचं नसतं. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा, आणि सगळं भिजवून, मऊ करून."

पाववाल्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर लोकांना खाऊ घातलेला माणूस, आणि त्याचा पाव विष ठरला. पण 'भिजवून' हा शब्द मात्र त्यांच्या कानात राहिला.

तिथून पाववाल्यांचे दिवस पालटले. आता उठल्यावर डबे हलवायला वेळ नव्हता. बंद तबेल्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी चूल मांडली, मोठं पातेलं आणलं. कोंडा, बारीक कापलेलं वाळकं गवत आणि शिजवलेलं जवस गरम पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, फुगलं की हाताने मळून गुठळ्या फोडायच्या. पीठ नव्हतं, धूळ नव्हती. सगळं ओलं, त्यामुळे छातीलाही त्रास नाही. कोपरापर्यंत हात घालून ते मळताना त्यांना वाटे, कालपरवापर्यंत आपण मेलेलो होतो की काय.

पहिल्यांदा भिजवलेल्या कोंड्याची बादली समोर आली, तेव्हा तांबूस घोड्याने वास घेतला, जीभ लावली, आणि मग तोंड आत घालून असा सुटला की बादली आवारभर ढकलत नेली. शेवटी बादलीच्या कडेला पाय लावून अक्काला उभं राहावं लागलं.

"पैलवान आहे मेला," ती म्हणाली. तेच त्याचं नाव पडलं.

घोडीचं तसं नव्हतं. ती बादलीकडे आधी पाहायची, मग पाववाल्यांकडे, आणि त्यांनी दोन पावलं मागे सरून मान राखली की मग खायची. तिला बाईसाहेब म्हणायचं, हे कुणाला ठरवावं लागलं नाही. त्यांची खरी नावं मास्तरांना विचारावीत, असं पाववाल्यांच्या मनात आलं होतं. पण विचारायचं नाही, हेच ठरलं होतं.

नालबंद यायचा तो गप्पांचं पोतं घेऊन. घोड्याचा पाय मांडीत घेऊन तो गावभरच्या लग्नांची, भांडणांची हकीकत सांगायचा, आणि तेवढ्यात खुराची एक चकती उतरलेली असायची. "बस, आज एवढंच," तो म्हणायचा. "एकदम कापलं तर उभं राहता येणार नाही त्यांना. माझ्या सासूचा स्वभाव पण असाच, एकदम सुधारायला गेलं की बिघडतो." डॉक्टरीणबाईंनी दाढा कानशीने घासून दिल्या. अक्काने चिखलाच्या खपल्या कोमट पाण्याने भिजवून सोडवल्या, आणि रात्री दोघांना तबेल्यात ठेवायला सुरुवात केली. खरारा करताना ती घोड्यांना रागवायची, ते लहानपणी न्हाऊ घालताना पाववाल्यांना रागवायची अगदी त्याच शब्दांत.

या सगळ्या काळात घराचे पडदे ओढलेलेच होते. पण कधीकधी त्यातला एक बोटभर बाजूला सरलेला दिसे. अक्काला ते दिसलं. तेव्हापासून ती घरून येताना डब्यात एक माणूस जास्तीचं जेवण आणायची आणि डबा मास्तरांच्या पायरीवर ठेवायची. संध्याकाळी डबा रिकामा असायचा. पुढेपुढे तो धुतलेलाही असायचा.

एका सकाळी पाववाल्यांनी तबेल्याचं दार उघडलं. बाईसाहेब आडवी पडली होती, चारी पाय भिंतीला टेकलेले. रात्री लोळताना भिंतीशी गेली असावी, आणि आता पाय पसरायला जागाच नव्हती. ती धडपडायची, खूर भिंतीवर आपटायचे, आणि पुन्हा मान टाकायची. अंगाला घामाचा फेस आला होता. पलीकडच्या खणात पैलवान येरझाऱ्या घालत खिंकाळत होता.

पाववाले धावत जाऊन तिच्या पाठीला खांदा लावून ढकलू लागले. भिंत ढकलावी तसंच ते. अक्काने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दूर एका गोठ्यावर अडकल्या होत्या, यायला वेळ लागणार होता.

"तोवर राहील का ही?" पाववाले म्हणाले.

मग ते उठले, पळत घराकडे गेले आणि मास्तरांच्या खिडकीवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. ज्या माणसाने दाराची कडी कधी जोरात वाजवली नव्हती, त्याने काच फुटेल याचीही पर्वा केली नाही.

"घोडी पडलीय. भिंतीशी अडकलीय. मास्तर, मला काही कळत नाही हो. तुम्ही या."

पडदा हलला नाही. पाववाले मागे फिरले, आणि अर्ध्या वाटेत त्यांना मागून सपातांचा फटफट आवाज ऐकू आला.

मास्तर दारात येऊन उभे राहिले. घोडीकडे पाहताना त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की अक्काने मान वळवली. पण बोलले तेव्हा हात थरथरत होते, आवाज मात्र ठाम होता.

"मागे हो," ते पाववाल्यांवर खेकसले. "पायांच्या बाजूला उभा राहू नकोस. एक लाथ बसली तर डोकं फुटेल. दोर आण दोन, लांब. त्या खुंटीवर असतील."

साठीच्या पाववाल्यांना कुणी असं अरेतुरे करून बरीच वर्षं झाली होती. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे दोर घेऊन आले.

"पाठीच्या बाजूने वाक. काठीने फास सरकव, खालच्या पुढच्या पायात. हां. आता मागच्या. बाई, तुम्ही हा दोर घ्या. मी सांगितलं की दोघांनी ओढायचं, आपल्याकडे. ती उलटली की दोर सोडून तडक बाहेर. मागे बघायचं नाही."

मग ते स्वतः घोडीच्या डोक्याशी गुडघ्यावर बसले आणि तिच्या मानेवर थरथरता तळवा ठेवला. "मोती," ते म्हणाले. "मोती, मी आहे."

घोडीचे कान त्यांच्याकडे वळले. धडपड थांबली.

"ओढा."

दोघांनी ओढलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा अक्काचा पाय घसरला आणि ती बसलीच, पण दोर सोडला नाही. मग एकदम सगळं वजन हललं, पांढरं पोट वर आलं, चार पाय हवेतून फिरले, आणि बाईसाहेब दुसऱ्या कुशीवर येऊन पडली. पाववाले आणि अक्का दाराबाहेर पडले. मास्तर तसेच तिच्या मानेपाशी.

"आता घाई नको," ते हळू म्हणाले. "दम खाऊ दे तिला. तोवर पायांखाली रेती टाका, जमीन ओली आहे, घसरेल."

रेती टाकली. घोडी छातीवर बसली. तिने पुढचे पाय ताणले, उठायचा प्रयत्न केला आणि परत बसली. पैलवानानेही येरझाऱ्या थांबवल्या होत्या. मास्तर तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिले. आणि मग एक मोठा हुंकार देऊन, सगळं हाडाचं सामान गोळा करून, ती उठली. चारी पाय फाकवून उभी राहिली, थरथरत. तिच्या शेजारी मास्तर, तेही थरथरत.

"मी हिला उपाशी ठेवलं," मास्तर म्हणाले. कुणाकडे न बघता.

"ठेवलंत," अक्का म्हणाली. ती अजून अंगाला लागलेलं गवत झटकत होती. "आता चुलीवर पाणी ठेवा. तिला कोमट पाणी लागेल, आणि आम्हाला चहा."

मास्तरांनी पाणी ठेवलं. निम्मं सांडलं, पण ठेवलं.

त्या दिवसापासून घराचे पडदे उघडे राहू लागले. खूर नीट होऊन दोन्ही घोडी सहज चालू लागली, तेव्हा त्यांना पाववाल्यांच्या परसात हलवण्याचा विषय निघायला हवा होता. तो कुणी काढलाच नाही. पाववालेच उलट सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळेत असायचे. मास्तरांनी त्यांना दोर कसा बांधायचा, घोड्याच्या कोणत्या बाजूने जायचं, कानांवरून मनातलं कसं ओळखायचं, ते शिकवलं. मास्तरांना मोठ्या डॉक्टरांकडे अक्का घेऊन गेली. ते नको नको म्हणत असताना दंडाला धरून. गोळ्यांनी थरथर गेली नाही, पण कमी झाली. सदऱ्याची बटणं आपापल्या घरी लागू लागली.

पैलवानाचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण मास्तरही आता त्याला पैलवानच म्हणत. उन्हाळ्यात तो घासलेल्या तांब्यासारखा चमकू लागला. मान उंच करून कुंपणाकडेने फिरायचा. वखारीतले कामगार जेवणाच्या सुट्टीत त्याला पाहायला यायचे. दोघांत बाईसाहेबच नाजूक, तिचंच काही होईल, अशी सगळ्यांची धास्ती. आणि झालं उलटंच.

पानगळ सुरू झाली होती. सकाळी त्याने नेहमीसारखी बादली चाटून पुसून साफ केली, आणि दुपारी तो जमीन खरवडू लागला, वळून वळून पोटाकडे पाहू लागला. डॉक्टरीणबाई लगेच आल्या. त्यांनी पोटाला कान लावला, सुई दिली, वाट पाहिली, पुन्हा कान लावला.

"आतड्याला पीळ पडलाय," त्या म्हणाल्या. "तरुण असता तर चिरफाड केली असती. या वयात ती सोसणार नाही. त्याला त्रासात ठेवण्यात अर्थ नाही."

पाववाल्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बराच वेळ घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "तबेल्यात नको," ते म्हणाले. "बाहेर, उन्हात."

कुंपणाशी ऊन होतं. मास्तरांनी दोरी धरली. हात फार थरथरू लागला, तेव्हा पाववाल्यांनी आपला पिठाने राठ झालेला हात त्यावर ठेवला. पैलवान शांतपणे गेला, मास्तरांच्या खांद्याला नाक लावून. नंतर त्यांनी बाईसाहेबांना बाहेर आणलं. तिने त्याला डोक्यापासून हुंगलं, आयाळ ओठांनी चाचपली, आणि मग आपणहून मागे वळली.

संध्याकाळी तिघं पायरीवर बसली होती.

"एवढ्याशा दिवसांसाठी केलं का हे सगळं?" पाववाल्यांनी विचारलं. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचं भानही नव्हतं.

"तुम्ही आला नसता तर तो चिखलात गेला असता," मास्तर म्हणाले. "एकटा. मी पडद्यामागे, आणि तो चिखलात. तुम्हाला ठाऊक नाही, परवा तो पळाला. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी पळवलं नाही, आपल्या मनाने."

अक्काने पदराने नाक पुसलं आणि आत जाऊन चहा टाकला.

बाईसाहेबांनी मात्र खाणं सोडलं. बादली पुढे केली की तोंड फिरवायची आणि पैलवानाच्या रिकाम्या खणाकडे तोंड करून उभी राहायची. पाववाल्यांनी जवस वाढवून पाहिलं, गूळ घातला, हातावर घेऊन भरवायला गेले. ती कपाळ त्यांच्या छातीला टेकवायची, पण तोंड उघडायची नाही. वर आलेली हाडं पुन्हा दिसायला लागली.

"घोड्याला एकटं राहता येत नाही," मास्तर म्हणाले. "सोबत हवी. कसली का असेना."

डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत एक तट्टू होतं. ठेंगणं, काळं, एका डोळ्याने अधू, जत्रेतल्या चक्राला जुंपून जुंपून म्हातारं झालेलं. मालकाने ते एका पडक्या शेडमध्ये बांधून ठेवलं होतं आणि कुणी नेत असेल तर बरंच, असं म्हणत होता.

"पण चावतं हं," डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं. "मला चावलंय. मालकाला चावलंय. नालबंद तर तिकडे जायलाच तयार नाही."

ते गाडीतून उतरलं, तेच उलटं, मागचे पाय आधी टाकत. उतरल्या उतरल्या त्याने पाववाल्यांची बाही धरली, अक्काच्या हातातली झाडू हिसकून टाकली, आणि आवारभर फिरून प्रत्येक खांब, प्रत्येक बादली, प्रत्येक दार हुंगून पाहिलं, जसं काही सगळा हिशेब आता त्यालाच द्यायचाय.

"हे कोण, कारभारी?" अक्का म्हणाली.

बाईसाहेब आपल्या खणात होती. पाववाल्यांनी सकाळी ठेवलेली बादली तिच्यापुढे तशीच होती, थंड झालेली. कारभारी आत गेला. त्याने घोडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ बादलीत तोंड घातलं आणि मचमच आवाज करत खायला लागला.

बाईसाहेबांनी मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. कान मागे पाडले. मास्तरांनी पाववाल्यांचा दंड धरला. "थांब," ते कुजबुजले.

घोडीने एक पाऊल पुढे टाकलं आणि कारभाऱ्याच्या पुठ्ठ्यावर दातांनी असा चिमटा काढला की तो कोकलत बाजूला झाला. मग तिने बादलीत तोंड घातलं आणि खायला सुरुवात केली. भरभर, एक डोळा त्याच्यावर ठेवून, मध्ये मान वर न काढता. तो जवळ आला की कान मागे. तो सरला की पुन्हा घास.

"लहानपणी हा असाच जेवायचा," अक्का पाववाल्यांकडे बोट करून म्हणाली. "भूक नाही, भूक नाही करायचा, आणि मी याच्या ताटाला हात लावला की पोट फुटेस्तोवर खायचा."

मास्तर हसायला लागले. इतके हसले की त्यांना उपड्या बादलीवर बसावं लागलं आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसावे लागले. पाववाल्यांनी बाहीवरची लाळ झटकली आणि दुसरी बादली कालवायला ते चुलीकडे निघाले. कारभारी त्यांच्या मागोमाग निघाला, त्यांच्या कोटाच्या खिशात नाक खुपसत.